दही लागेपर्यंत

माझी नात जन्मली त्या हिवाळ्यात मला सर्दी झाली होती. बस, गोष्ट एवढीच आहे. पण हेच माझ्या जावेला विचारलं तर ती सांगेल, "सर्दी कायची झाली, दही खाल्लं तिनं." सर्दी आधी की दही आधी, यावर आम्हा दोघींचं आजतागायत एकमत झालेलं नाही. होऊही नये असं मला वाटतं. म्हातारपणी भांडायला काहीतरी शिल्लक हवं.

जाऊ माझ्याहून मोठी. आमची घरं लाखनीत हमरस्त्याला लागून, एकमेकांना चिकटलेली, मागचं आंगण एकच. पुढच्या बाजूला आमचं किराणा दुकान, त्याच्यामागे सपरी, म्हणजे ओसरीच, आणि सपरीच्या आत खोल्या. घर कौलारू. मधल्या भिंती छपरापर्यंत गेलेल्या नाहीत, माणसाच्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबल्या आहेत, आणि वर सगळ्या खोल्यांना मिळून एकच आढं. त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही राहत नाही. एकानं आतल्या खोलीत उसासा टाकला तर दुसरा सपरीतून विचारतो, काय झालं?

मी दही लावते. दोन म्हशी आहेत, त्यांच्या दुधाचं दही आमच्याच दुकानात विकलं जातं, आणि ओळखीचे झालेले ट्रकवाले त्यासाठी मुद्दाम गाडी बाजूला घेतात. हिवाळ्यात दही लवकर लागत नाही. मग विरजण घातलेलं गाडगं मी धानाच्या कोंड्यात गळ्यापर्यंत पुरते, वरून पोतं टाकते आणि घरातल्या सगळ्यांना बजावते की आता त्याला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, झाकण काढून बघायचं नाही. ही रीत मी माहेराहून आणली. माझं माहेर बपेऱ्याचं, तुमसरच्या पुढे, नदी ओलांडली की मध्य प्रदेश. तिथे आम्ही बारा महिने भातावर मही, म्हणजे ताक, घेऊन जेवायचो, नाक वाहत असलं तरी. इथे सासरी आले तेव्हा कळलं की थंडी पडली की दही विकायचं असतं, खायचं नसतं. आणि ज्याला शिंक आली त्यानं तर गाडग्याकडे बघायचंही नसतं.

लेक बाळंतपणाला आली होती. तिला कळा सुरू झाल्या त्याच दिवशी सकाळी माझं अंग तापलं. घसा असा धरला की थुंकी गिळवेना. ती दवाखान्यात जायला गाडीत बसताना मागे वळून माझ्याकडे बघत होती आणि मी चादर गुंडाळून सपरीच्या खांबाला टेकून उभी होते. जाऊ तिच्यासोबत गेली. मुलगी झाल्याचं मला फोनवर कळलं. मी देवापुढे साखर ठेवली आणि पुन्हा खाटेवर जाऊन पडले. तापात ती साखर मला बराच वेळ चांदीसारखी चमकताना दिसत होती.

घरी परत आल्या तेव्हा जाऊ आधी उतरली. तिच्या हातात पांढऱ्या दुपट्ट्यातलं गाठोडं होतं. मी उठले, तसा तिनं लांबूनच तळहात दाखवला.

"तिथंच राह्य तू. खोकला जाईपर्यंत इकडे फिरकू नको."

"लांबून तं पाहू द्या," मी पदर तोंडाला लावून म्हटलं.

तिनं लांबून दाखवलं. दुपट्ट्यातून एक लालसर कपाळ दिसलं आणि थोडे ओले केस. मग त्या सगळ्या आत गेल्या आणि दार लोटलं गेलं.

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एवढ्याशा जिवाजवळ खोकणाऱ्या माणसानं जाऊ नये, हे मलाही कळतं. पण आमच्याकडे सव्वा महिना झाला की सासरचे येतात आणि बाळ-बाळंतिणीला घेऊन जातात. लेकीचं सासर लाखांदूरला. काही सातासमुद्रापलीकडे नाही, एसटी जाते. तरी लेकीच्या सासरी जाऊन नात मांडीवर घेणं म्हणजे पाहुणीनं घेणं. चहा पिऊन, पदर सावरून, चारचौघींसमोर घ्यायचं आणि मागितलं की परत द्यायचं. मला ती माझ्या घरात हवी होती, माझ्या खाटेवर, माझ्या मांडीवर, तिला तेल लावायला आणि उगाच बघत बसायला. त्यासाठी सव्वा महिन्याच्या आत माझा खोकला जायला हवा होता. एवढीच माझी मागणी होती.

माझी खाट सपरीतल्या कोपऱ्यात, आतल्या खोलीच्या भिंतीला लागून पडली. भिंतीच्या पलीकडे बाळंतिणीची खाट. दिवसभर मी पडून असे आणि वरच्या मोकळ्या जागेतून पलीकडचं सगळं माझ्याकडे उतरून येई. तिनं जांभई दिली की कळायचं. उचकी लागली की कळायचं. तिची शिंक इतकी बारीक होती की पहिल्यांदा मला वाटलं, उंदीर असावा. जाऊ तिला न्हाऊ घालताना गुणगुणायची आणि पाण्याचा आवाज यायचा. मग ती रडायची, मग दूध मिळालं की गप्प व्हायची, आणि त्या गप्पपणातला चुटुचुटु आवाजही मला ऐकू यायचा. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात असायचे. तापाच्या ग्लानीत ते ट्रक राहत नसत, माहेरची नदी होऊन वाहत, आणि ते लेकरू नदीच्या पलीकडच्या काठावर कुठेतरी झोपलेलं असे. मी काठाकाठानं चालत राही. नाव मिळत नसे.

नाकाला वास येत नव्हता, हे त्यातलं आणखी एक. चहा नुसता गरम लागे, भात नुसता मऊ. सकाळी धुकं पडलं की आमच्या घरामागचं शेत दिसेनासं होई. धान कापून झालेलं, त्याच्या धसकटांमधून लाखोरीच्या डाळीचं हिरवं रान वर आलेलं, त्याला निळी फुलं. मी आंगणात उन्हाची वाट बघत बसे आणि वाटे, हे सगळं कोणीतरी काचेपलीकडे मांडून ठेवलंय. वासाशिवाय जग खोटं वाटतं. कोणी चिमटा काढून हे स्वप्न आहे म्हटलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

आमच्या घरधन्यांना माझा खोकला बघवेना. ते मेडिकलमध्ये गेले आणि स्वतःच्याच डोक्यानं कडक गोळ्या घेऊन आले. माणूस प्रेमात जे करतो त्याला काय बोलणार? मी घेतल्या. खोकला जागचा हलला नाही, पोट मात्र बिघडलं, आणि असं बिघडलं की खाटेवरून न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरावी लागे. आमच्याकडे म्हणतात, रोग हल्याला, म्हणजे रेड्याला, आणि डाग पखालीला. माझं तेच झालं. आता अंगात उभं राहायचीही ताकद नव्हती आणि पलीकडे लेकरू रोज थोडं थोडं मोठं होत होतं.

शेवटी आम्ही गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयानं लहान, पण नजर तिखट. गोळ्यांचं पाकीट त्यांनी दोन बोटांत धरून बघितलं.

"या कोणी सांगितल्या?"

घरधनी वर पंख्याकडे बघायला लागले.

"मावशी, ही साधी सर्दी आहे," त्या म्हणाल्या. "हिच्यावर या गोळ्यांचा काही उपयोग नसतो. पोटात आपल्या कामाचे जंतू असतात, या गोळ्यांनी तेच मारले. म्हणून पोट बिघडलं."

"आपल्या कामाचे जंतू?" घरधन्यांनी असं विचारलं, जसं काही कोणी कामाचे उंदीर म्हटलं असावं.

"हो. आता या पुड्या घ्या, साध्या पाण्यातून. यात तसेच जंतू आहेत, जिवंत."

"जिवंत?"

"वाळवलेले, पण जिवंत. झोपलेले असतात म्हणा. पोटात गेले की जागे होतात."

मला एकच विचारायचं होतं. "यानं खोकला जाईल ना? घरात नात आहे माझी. अजून हातात घेतली नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज जरा खाली आणला. "पोट बरं होईल, भूक लागेल, ताकद येईल. अशानं सर्दी थोडी लवकर आवरते असंही म्हणतात, पण ते वचन मी देणार नाही. खोकला आपल्या चालीनं जाईल."

वचन न देणारी माणसं मला आवडतात. पण त्या दिवशी मला थोडं खोटं चाललं असतं.

आता आमच्या घरधन्यांबद्दल सांगायला हवं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. केकमध्ये अंडं असतं असं कोणीतरी सांगितल्यापासून ते बेकरीसमोरून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जातात. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे जमले तर दिवाच मालवतात आणि अंधारात जेवतात. घरी येताना ते वाटेतच थांबले. म्हणाले, "अवं, हे चालते का आपल्याले? एका पुडीत लाखो जीव आहेत म्हनते ते."

मी हसायला गेले आणि त्याचा खोकला झाला. माझा खोकला थांबेपर्यंत ते विचार करत राहिले. मग म्हणाले, "औषध आहे. औषधाले दोष नाई." तरी पुड्यांची पिशवी त्यांनी देवघराच्या कोनाड्यात ठेवली, साधारण आदरानं.

मला पुडी द्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. लग्नानंतर त्यांनी चूल किती वेळा बघितली असेल हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवसांत ते सकाळी उठून माझ्यासाठी तांदळाची पेज करू लागले. पातळ, मिठाची, वाफ निघणारी. पुडी फाडायची, पेजेत टाकायची, चमच्यानं खूप वेळ ढवळायची. साधं पाणी म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलंही होतं. पण खोकणाऱ्या माणसाच्या घशातून थंड काही जाऊ द्यायचं नाही, हे आमच्याकडे इतकं पक्कं आहे की ते पाणी दुसऱ्या कोणाच्या घशासाठी असणार, असं आम्हा दोघांनीही धरून चाललं. "गरम गरम घे," ते म्हणत, "घसा शेकते." मी घेई. आणि दिवसभर पोटातल्या त्या पाहुण्यांची चाहूल घेत पडून राही.

दुपारी ऊन सपरीत यायचं आणि माझ्या पायांवर बसायचं. त्या उबेत मला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. मी दुधात बसलेली असे, कोमट दुधात, गळ्यापर्यंत, आणि बाहेरून कोणीतरी कोंडा ओतत असे. भोवती बारीक बारीक जीव झोपलेले, दिसत नसत, पण त्यांचा श्वास ऐकू येई. कोणीतरी कुजबुजे, हलू नको, लागू दे. मी हलत नसे. मग वरून, खूप उंचावरून, तिची उचकी ऐकू येई, आणि झोप इतकी गोड होई की जागं व्हायला नको वाटे. जाग आली की कळे की मी खाटेवर आहे, चादरीत गुंडाळलेली, कोपऱ्यात ठेवलेली, कोणी हात न लावायची. त्या दिवसांत माझी आणि माझ्या गाडग्याची तऱ्हा सारखीच होती.

पोट काही सुधारेना. आम्ही पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"पुड्या घेताय ना?"

"रोज सकाळी," घरधनी ताठ बसून म्हणाले. "मीच देतो जी. पेजेत."

"कोमट पेजेत?"

"नाई, नाई. चांगली उकळती. वाफ निघते अशी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "काका," त्या म्हणाल्या, "मग सगळे मेले की हो."

"सगळे?"

"सगळे. उकळत्यात टाकल्यावर कोण जगेल?"

त्या हसत होत्या, पण घरधन्यांचा चेहरा मी बघितला आणि मला हसवेना. त्यांचा हात आपोआप माळेकडे गेला. अंडं नको म्हणून रस्ता बदलणारा माणूस, त्यानं आपल्या हातानं, चमच्यानं ढवळून ढवळून, रोज सकाळी लाखो जीव उकळले होते. वर मीठ घातलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले. मला त्यांची दया आली आणि त्यांच्यावर प्रेमही आलं, ते या वयात अचानक येतं तसं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी साधं पाणीसुद्धा वाटीत ओतून आधी त्यात बोट बुडवून बघायला सुरुवात केली, जसं लेकराच्या आंघोळीचं पाणी बघतात. "आता टाक," ते स्वतःलाच सांगत आणि पुडी अशी हळू सोडत की कोणाची झोप मोडू नये. हळूहळू माझं पोट जाग्यावर आलं. भूक लागली. आणि भूक लागली ती नेमकी दह्याची.

मी डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलं होतं. "खा की," त्या म्हणाल्या होत्या, "ताजं खा, दुपारचं. तुमच्या गाडग्यात तेच तर आहे." हे ऐकून मला वाटलं होतं, आपण आयुष्यभर घरोघरी जीव वाटत फिरलो आणि आपल्याला पत्ता नाही. तर दुपारी मागच्या आंगणात उन्हात बसून मी भातावर दही घेतलं. वास येत नव्हता, पण जिभेच्या कडांना आंबट लागलं. किती दिवसांनी काहीतरी खरं लागलं.

जाऊ लंगोट वाळत घालायला बाहेर आली आणि तिनं माझी थाळी बघितली.

"तू दही खाऊन राहिली?"

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

"डॉक्टरीणबाई येईल का लेकराले पाहाले, त्याले खोकला झाला तं?"

माझ्या डोक्यात सणक गेली. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. "जाऊबाई, माह्या नातीले मी अजून हात नाई लावला. तुमी तिले न्हाऊ घालता, तेल लावता, झोपवता. माही लेक तुमाले विचारून पानी पिते. मी भिंतीले कान लावून पडली राहतो. आन् वरून तुमी मले सांगता काय खा अन् काय नको?"

हातातले लंगोट तिनं पुन्हा बादलीत ठेवले आणि पायरीवर बसली. बसताना गुडघ्यावर हात टेकला. मला दिसलं की ती थकली आहे.

"माह्यं पहिलं लेकरू खोकल्यानं गेलं," ती म्हणाली. "तुले ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. मी या घरात यायच्या आधीची गोष्ट. सासूबाईंनी एकदा सांगितलं होतं आणि पुन्हा हा विषय काढू नको म्हणाल्या होत्या. आम्ही दोघींनी इतकी वर्षं एका आंगणात धान वाळवलं, पापड घातले, भांडलो, पण तो विषय ना तिनं काढला ना मी.

"खोकल्याचा आवाज आयकला का छातीत धस्स होते अजून," ती लंगोटांकडे बघत म्हणाली. "तू खोकलली का मी उठून त्या पोरीच्या छातीले कान लावतो. रोज. तुह्यावर राग नाई माहा."

माझा राग मीठ पाण्यात विरावं तसा विरून गेला. मी थाळी बाजूला सारली. माझा एकेक खोकला भिंतीवरून पलीकडे जाऊन या बाईच्या छातीत उतरत होता आणि मी इकडे तिचा हेवा करत पडले होते. तिनं उठून थाळी उचलली आणि पुन्हा माझ्या हातात दिली.

"खा," ती म्हणाली. "ऊन आहे तोपर्यंत खाऊन घे."

त्यानंतर तिनं मला दही खाताना बघितलं की ती नुसती तोंड दुसरीकडे करायची. तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

मग एका सकाळी मी गाडग्यावरचं पोतं काढलं आणि मला कोंड्याचा वास आला. आधी वाटलं, भास आहे. झाकण काढलं, तर आंबटगोड, ओला, थंड असा दह्याचा वास नाकात शिरला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी तशीच सपरीत येऊन भिंतीशी उभी राहिले. वरून ओव्याच्या धुरीचा वास येत होता, तेलाचा येत होता, आणि त्या सगळ्यांच्या खाली अगदी पुसट, दुधाच्या सायीसारखा एक वास, जो घरात आधी नव्हता. तो तिचा. मी डोळे मिटून उभी राहिले. इतके दिवस ती मला फक्त ऐकू येत होती, आता ती जरा जवळ आली.

पुड्यांनी बरी झाले, दह्यानं, की नुसत्या दिवसांनी, हे मला सांगता येणार नाही. घरधनी म्हणतात पुड्यांनी, त्यांना ते म्हणावंच लागतं. पण खोकला मात्र पूर्ण गेला नाही. कोरडा, अधूनमधून येणारा, सवय लागल्यासारखा खोकला तेवढा राहिला. आणि सव्वा महिना भरत आला.

मी शेवटचं डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा जाऊ सोबत आली. आली ती मुद्दाम, स्वतःच्या कानांनी ऐकायला. डॉक्टरीणबाईंनी माझी छाती तपासली.

"साफ आहे. आता उरलाय तो नुसता घशाचा खोकला. तो जायला वेळ लागतो, पण तो कोणाला लागत नाही. हात धुवा आणि घ्या नातीला खुशाल."

परत आल्यावर जाऊ सरळ आतल्या खोलीत गेली. मी बाहेरच माझ्या खाटेवर बसले. दुसऱ्या दिवशी लाखांदूरची मंडळी येणार होती.

सकाळी धुकं इतकं होतं की रस्त्यावरचे ट्रक दिवे लावून, दबकत जात होते. मी आंघोळ केली, धुतलेलं पातळ नेसले, हात दोनदा साबणानं धुतले आणि खाटेवर बसून राहिले. मागू नये असं ठरवलं होतं. विहीणबाई आल्या, चहा झाला, सामान गाडीत गेलं. लेकीनं दुपट्टा गुंडाळला. आणि मग आतून जाऊ आली. तिच्या हातात लेकरू होतं. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"घे," ती म्हणाली.

मी मांडी पसरली. तिनं तिला माझ्या मांडीवर ठेवलं. वजन असं काही नव्हतंच, पण मांडी भरून गेली. मी तिचं तोंड पहिल्यांदा पूर्ण बघितलं. ती कोणासारखी दिसते हे सगळ्यांनी मला सांगून झालं होतं. ती तशी कोणासारखीच दिसत नव्हती.

तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि रडायला लागली.

साधं रडणं नाही. हातपाय ताठ करून, लाल होऊन. मी थोपटलं, हलवलं, माहेरचं एक गाणं आठवत होतं ते म्हटलं. ती आणखी रडली. जावेकडे, लेकीकडे, सगळ्यांकडे ती गप्प राहायची, हे मी भिंतीपलीकडून रोज ऐकलं होतं. विहीणबाई चांगुलपणानं म्हणाल्या, "नवीन मानूस आहे ना, म्हनून."

मी नवीन माणूस. माझ्या घरात, माझ्या नातीला. माझा जीव इतका दुखावला की मला खोकला आवरता आला नाही. मी घाईनं मान वळवली, पदर तोंडाशी धरला आणि खोकले. घरातले सगळे जागच्या जागी थिजले. जावेचा हात लेकराकडे निघाला.

आणि रडणं थांबलं.

मी मान वळवली. तिचे डोळे टक्क उघडे होते. ओठ अजून रडायच्या आकारात, पण आवाज नाही. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, अगदी लक्ष देऊन.

"आई," लेक हळूच म्हणाली, "ते आयकून राहिली. तुहा आवाज आहे ना हा. पलीकडून रोज यायचा."

कोणाला हे सुचलंच नव्हतं. त्या भिंतीवरून ती माझ्याकडे येत होती तेव्हा मीही तिच्याकडे जात होते. माझं नाव, माझं तोंड, माझा हात तिला माहीत नव्हता. पण या जगात आल्यापासून तिनं रोज, उजाडल्यापासून, मला ऐकलं होतं.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तिचा चेहरा पुन्हा आक्रसला, खालचा ओठ बाहेर आला आणि रडू सुरू झालं. माझ्या खोकल्यानं जिच्या छातीत रोज धस्स व्हायचं, ती माझी जाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकली.

"खोकल वं अजून," ती म्हणाली. "एकदा खोकल."

आणि मला खोकला येईना. गळा भरून आला होता, आणि भरल्या गळ्यातून खोकला निघत नाही. जावेनं थोडी वाट बघितली, मग स्वतःच खोकून बघितलं. लेकरू आणखी जोरानं रडायला लागलं. विहीणबाई हसल्या, लेक हसता हसता रडली, घरधनी दारात उभे राहून उगाच माळ चाचपत होते.

मग मी पदरानं डोळे पुसले, तोंड जरा बाजूला केलं आणि खोकले.